भूल देणाऱ्या डॉक्टरसाठी घर

आमच्या हॉस्पिटलमधल्या सिस्टर एकामागून एक सोडून जायला लागल्या, तेव्हा हे सगळं पगारामुळे चाललंय असं मी बराच काळ समजत होते. पनवेलच्या बाजूला मोठमोठी हॉस्पिटलं उभी राहत होती. काही जणी गल्फला जात होत्या. त्यांच्यापुढे आमचं काय चालणार? काशीदच्या पुढे आणि मुरूडच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमची दुमजली इमारत आहे. खाली तपासणीच्या खोल्या आणि ऑपरेशन थिएटर, वर खाटा. मी बाळंतपणं करते, नवरा लहान मुलांचा डॉक्टर. तो इथलाच, सुपारीच्या वाडीत वाढलेला. मी घाटावरची, लग्न होऊन इथे आले आणि इथलीच झाले.

मग आमच्या सगळ्यात जुन्या सिस्टरने राजीनामा दिला. मी तिला केबिनमध्ये बसवलं आणि म्हटलं, "पगार वाढवते. किती हवा ते तू सांग."

ती म्हणाली, "पगाराचं काही नाही, मॅडम. माझी खोली गेली."

"गेली म्हणजे?"

"मालकाने एसी बसवला. शनिवार-रविवार मुंबईचे लोक राहायला येतात तिथे. मला म्हणाले, हवं तर सोमवार ते शुक्रवार राहा. शुक्रवारी संध्याकाळी सामान बाहेर काढायचं, सोमवारी परत लावायचं."

"आणि तू तसं केलंस?"

"केलं ना. सामान मैत्रिणीच्या खोलीत ठेवायचे, मीही तिथेच झोपायचे. आता तिचीही खोली गेली."

ती रडली नाही, तक्रारही केली नाही. माहेरी म्हसळ्याला चालले, तिथे एका दवाखान्यात काम बघितलंय, एवढंच म्हणाली. ती उठून गेली. रोज सकाळी हसतमुखाने ड्यूटीवर येणारी ही बाई दर शुक्रवारी आपली भांडीकुंडी उचलून दुसरीकडे नेत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मुंबईहून गाड्या चढवून आणणारी बोट मांडव्याला लागायला लागली, तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच आनंद झाला होता. गेटवेच्या लाँचने माणसं आधीपासून यायची, आता गाडीसकट यायला लागली. गावातल्या पोरांना काम मिळालं. ज्यांच्या घरात मी कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली होती, त्यांच्या घरांवर माड्या चढल्या, दारात "घरगुती जेवण, राहण्याची सोय" अशा पाट्या आल्या. मला ते बघून बरं वाटायचं, आजही वाटतं. पण त्या पाट्यांमागे गावातली भाड्याची एकेक खोली नाहीशी होत होती, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमाराला बाकीच्या गोष्टीही अंगावर येत होत्या. आगीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, बाहेरून दुसरा जिना बांधणं भाग पडलं. नियम योग्यच होता, वरच्या मजल्यावर ओल्या बाळंतिणी असतात. पण समुद्राच्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून तो जिना सिमेंटचा करावा लागला, आणि त्यापायी थिएटरसाठी नवं मशीन घेणं पुढे ढकललं. विमा कंपनी म्हणायची, तुमच्या खाटा कमी आहेत, तुम्हाला यादीत घेता येणार नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे विमा होता ते मुंबईला जायचे आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते आमच्याकडे यायचे. यातली कुठलीच गोष्ट आमच्या हातात नव्हती. रोग्याला काय झालंय हे शोधायला मला शिकवलं होतं. हॉस्पिटलला काय होतंय, हे शोधायला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि मग तो शनिवार आला.

कोळीवाड्यातली एक पहिलटकरीण पहाटेच दाखल झाली होती. सकाळपर्यंत सगळं ठीक होतं. जरा उशिरा मी बाळाचे ठोके ऐकले, तर ते मंद व्हायला लागले होते. तिला कुशीवर वळवलं, प्राणवायू लावला. ठोके थोडे सुधारले, परत उतरले. सिझर करायलाच हवं होतं, आणि तेही लगेच. पण सिझर म्हटलं की भूल देणारा डॉक्टर लागतो. आमचे भूलतज्ज्ञ अलिबागला राहायचे. फोन केला की गाडी काढून यायचे, इतकी वर्षं आमचं असंच चाललं होतं. त्या दिवशीही ते तडक निघाले.

बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला. "मॅडम, मी काशीदच्या अलीकडच्या चढावर आहे. पुढे गाड्याच गाड्या आहेत. एकही चाक हलत नाहीये."

पहिलटकरणीची सासू दाराशी उभी होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "डॉक्टरीणबाय, अलिबागला न्यायची का तिला?"

"तोच रस्ता बंद आहे, मावशी. आपली गाडीही तिथेच अडकेल."

"मंग काय करायचं?"

उत्तर नवऱ्याकडे होतं. शेजारच्या औषधाच्या दुकानदाराची मोटरसायकल बाहेर उभी होती. नवऱ्याने चावी मागून घेतली, मला म्हणाला, "तू थिएटर तयार ठेव, मी त्यांना घेऊन येतो," आणि गेलादेखील.

त्या वेळात मी काय काय केलं ते मला सलग आठवत नाही. हात धुतले, सुया-दोरे मांडले, पुन्हा पुन्हा ठोके ऐकले. ती पोरगी माझा हात सोडत नव्हती. "माझा बाळ हाय ना?" असं विचारत होती. मी म्हणत होते, "आहे. ऐक, हा बघ आवाज." यंत्रातून येणारा तो आवाज तिला ऐकवत होते आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतंय हे तिला कळू नये म्हणून बोलत राहत होते.

शेवटी बाहेर मोटरसायकलचा आवाज आला. भूलतज्ज्ञ मागच्या सीटवरून उतरले ते धुळीने माखलेले, औषधांची पेटी छातीशी धरलेली. नवरा रस्त्याच्या कडेच्या खडीवरून, गाड्यांच्या रांगेला वळसे घालत त्यांना घेऊन आला होता. त्यांची गाडी तिथेच, शहाळी विकणाऱ्या एका बाईच्या टपरीपाशी उभी होती आणि चावी त्या बाईच्या हातात. ते थेट हात धुवायला गेले.

बाळ बाहेर आलं तेव्हा निपचित होतं, रडेना. नवऱ्याने त्याला माझ्या हातातून घेतलं. मी टाके घालत होते आणि माझी पाठ त्यांच्याकडे होती. पाठीमागे फक्त सक्शनचा आवाज आणि नवऱ्याचं पुटपुटणं, "चल रे, चल रे बाळा." मग एक बारीक, रागावल्यासारखा टाहो. मी टाके घालणं थांबवलं नाही. बाहेर सासूला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि म्हणाली, "एकवीरा आईनं राखला गं माझा नातू." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आन् त्या फटफटीनं."

दुपारी चहा घेताना भूलतज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, एक सांगायचंय. मी आता शनिवार-रविवारी येणार नाही."

मी कप खाली ठेवला.

"रागावू नका. आज मूल वाचलं. पुढच्या वेळी मी चढावर अडकलेलो असेन आणि इथे काहीतरी भलतंच होईल. ते माझ्याच्याने सहन होणार नाही. तुम्हाला इथे राहणारा माणूस हवा. मी गावातला नाही, हीच अडचण आहे."

त्यांचं बरोबर होतं. पोरं काही वार बघून जन्माला येत नाहीत, आणि शनिवार-रविवारी ज्या हॉस्पिटलमध्ये सिझर होत नाही, तिथे सोमवारीही बाई विश्वासाने कशी येणार?

मी ओळखीपाळखीत निरोप धाडले. शेवटी एक तरुण भूलतज्ज्ञ बाई यायला तयार झाल्या. त्यांचा नवरा बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने बाहेर. पदरी एक लहान मुलगी आणि सोबतीला आई. मुंबईच्या धावपळीला कंटाळल्या होत्या. येऊन हॉस्पिटल बघितलं, थिएटर बघितलं, भुलेच्या जुन्या मशीनबद्दल दोन प्रश्न विचारले, पसंत आहे म्हणाल्या. मग विचारलं, "राहायचं कुठे?"

मी म्हटलं, "बघते."

"मला समजून घ्या," त्या म्हणाल्या. "आई म्हातारी आहे, मुलगी लहान. दर शुक्रवारी मी बॅगा भरू शकत नाही." म्हणजे गावाची ही कीर्ती त्यांच्या कानावर आधीच गेली होती. महिनाअखेरपर्यंत थांबते, मग दुसरीकडे हो म्हणावं लागेल, असं सांगून त्या गेल्या.

नेमकं त्याच आठवड्यात मुंबईहून एक गृहस्थ आले. त्यांना आमची इमारत विकत हवी होती. वरच्या मजल्यावर, खाटांच्या खोलीत उभं राहून ते खिडकीतून समुद्र बघत होते. मागे एक बाळंतीण पोराला पाजत होती, तिच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "इथून सूर्यास्त काय दिसत असेल!" म्हणाले.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "विचार करायला काय हरकत आहे?"

"तुला विकायचंय?"

"मी दमलोय गं. डॉक्टर म्हणून नाही दमलो, मालक म्हणून दमलोय. आज जिना, उद्या विमा, परवा सिस्टर नाही. आपण दोघं कुठेही नोकरी करू. पेशंट बघू आणि घरी येऊ."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे केस मला त्या दिवशी एकदम पांढरे दिसले. मी म्हटलं, "आपण गेलो तर कोळीवाड्यातली बाई शनिवारी कुठे जाईल?"

"ते सगळं आपणच बघायचं का?"

"सगळं नाही. एवढं एकच. मला महिनाअखेरपर्यंत घर शोधू दे. नाही मिळालं तर तू म्हणशील तसं."

तो हसला. "तू हरणार नाहीस, मला माहितीये. पण शोध."

दुसऱ्या दिवसापासून ओपीडी संपली की मी गावात फिरायला लागले. ज्या घरांत जायचे तिथे माझ्या हातावर जन्मलेलं कोणीतरी असायचंच. चहा व्हायचा, पोरं पाया पडायची. मग मी खोलीचं विचारायचे आणि बोलणं अडखळायचं. एका घरातली सून स्पष्टच बोलली, "मॅडम, तुमच्यासाठी जीव देऊ. पर खोली कशी देऊ? तीन खोल्या हायत, त्यावर पोरीचं कॉलेज हाय. तुमच्या डॉक्टरांना दिली तर आमचं शनिवारचं गिऱ्हाईक जाईल." तिला काय म्हणणार? त्या मुलीला डोळे उघडताना मी पाहिलं होतं आणि ती कॉलेजात जावी असं मलाही वाटत होतं. दुसऱ्या एका घरी कर्ता पुरुष म्हणाला, "पावसाळ्यात राहू दे की, तवा न्हाय कोणी येत." पावसाळ्यापुरता भूलतज्ज्ञ! मी हसले आणि पुढच्या घराकडे वळले.

महिना संपत आला. एक दिवस तपासणीला आलेली एक मुस्लिम बाई म्हणाली, "मॅडम, मोहल्ल्यातल्या खालांकडे विचारलंत का? वरचा पूर्ण मजला बंद आहे त्यांचा."

मोहल्ल्याच्या टोकाला, माडांच्या आड खालांचं, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याच्या मावशीचं, घर होतं. त्यांचा नवरा वारलेला, मुलगा कुवेतला, सून-नातवंडंही तिकडेच. खालच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. मी सगळं सांगितलं. खालांनी ऐकून घेतलं, मला वर नेलं, कुलूप उघडलं. मोठ्या हवेशीर खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, मागच्या अंगाला आणखी दोन खोल्या. सगळ्या सामानावर पांढऱ्या चादरी टाकलेल्या.

"माझ्या मुलानं बांधलं हे," खाला म्हणाल्या. "आता म्हणतो, अम्मी, पाहुण्यांना दे भाड्यानं. माणूस पाठवणार आहे फोटो काढायला."

म्हणजे हाही मजला हातचा गेला, असं मला वाटलं. पण खालांनी तिथेच पलंगाच्या कडेवर बसून मुलाला व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "ह्या डॉक्टरीण. बोल यांच्याशी."

मुलगा अदबीने बोलला. सलाम केला, माझी चौकशी केली. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं काम मोठं आहे, मी मानतो. पण इथली नोकरी किती दिवसांची, कुणाला ठाऊक? माणसं कमी करतायत. परत यावं लागलं तर हाच धंदा करणार मी. आता कुणाला घर दिलं तर पुढे उठवणार कसं?"

त्याची भीती खरी होती. मी म्हटलं, "तुम्ही परत आलात की ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी घर मोकळं करून देईन. तोवर मी दुसरी सोय करेन. हे माझं काम, तुमचं नाही. भाडं इतरांना मिळतं तसं महिन्याच्या महिन्याला येईल."

तो घुटमळला. "विचार करून सांगतो."

खालांनी मोबाइल आपल्याकडे वळवला. "बेटा, विचार तुझ्या धंद्याचा कर. घर तुझ्या अब्बांनी माझ्या नावावर ठेवलंय. पाहुणे शनिवारी येतील, रात्रभर गाणी लावतील, रविवारी जातील. सोमवारपासून मी परत एकटी. मला वर कोणाच्या तरी चपलांचा आवाज हवा. लहान मूल आहे म्हणतात. मी देतेय यांना."

"अम्मी..."

"तू सलामत राहा. जेवलास का?"

कॉल संपला. खालांनी मला विचारलं, "ते लोक मच्छी खातात ना?" मी म्हटलं, खातात. म्हणाल्या, "मग झालं."

महिनाअखेरीला ट्रक आला. भूलतज्ज्ञ बाई, त्यांची आई, मुलगी आणि मुलीची सायकल. मागच्या दोन खोल्यांत सिस्टर राहायला आल्या. मी म्हसळ्याला फोन करून आमच्या जुन्या सिस्टरलाही विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, इथे आता बरं चाललंय. पण माझ्या मावसबहिणीने नुकतंच नर्सिंग पुरं केलंय, तिला पाठवते." तिने पाठवलीही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या पावसाळ्यात वीज गेली ती तीन-तीन दिवस येईना. खालांच्या दारात ठेवलेल्या जनरेटरच्या धुराने भूलतज्ज्ञ बाईंच्या आईला खोकला लागला आणि बाई मला म्हणाल्या, "मी वर्षभर बघते, मग ठरवते." मला त्यांना अडवायचा अधिकार नव्हता. जनरेटर मागच्या आवारात हलवला, तिथे पत्र्याची शेड टाकली. विमा कंपनीने अजूनही आम्हाला यादीत घेतलेलं नाही, मी दर वर्षी अर्ज करते. विकत घ्यायला आलेल्या त्या गृहस्थांना मात्र नवऱ्यानेच फोन करून नाही म्हणून कळवलं. मला नंतर सांगितलं, भाजी चिरता चिरता, जणू दूधवाल्याला निरोप दिला होता.

मग एका शनिवारी एक बाई आली, जुळी बाळं, पहिलं आडवं. बाहेर रस्त्यावर गाड्यांची रांग आमच्या फाटकापर्यंत पोचली होती, हॉर्न वाजत होते. भूलतज्ज्ञ बाई मोहल्ल्यातून चालत आल्या, हाताला अजून पिठाचा अंश, खालांकडे भाकरी शिकत होत्या म्हणे. हात धुतले, मणक्यात सुई दिली, आणि मला म्हणाल्या, "करा सुरुवात." दोन्ही मुली. नवऱ्याने एक आणि नव्या सिस्टरने दुसरी घेतली, आणि दोघी एकदमच रडल्या.

वर्ष उलटलं, तेव्हा मी भूलतज्ज्ञ बाईंना काही विचारलं नाही. त्यांनीच एका दुपारी सांगितलं की मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलंय. खालांचा मुलगा त्या हिवाळ्यात सुट्टीवर आला, तेव्हा मी धास्तावले होते. तो हॉस्पिटल बघायला आला, बाहेरच्या जिन्यावर उभा राहिला, म्हणाला, "मॅडम, मी कायमचा आलो तर वाडीत दोन खोल्या बांधीन पाहुण्यांसाठी. वरचा मजला राहू द्या तसाच. घरात माणसं आल्यापासून अम्मीची तब्येत सुधारलीये."

आता मी पंचायतीच्या मागे लागले आहे. शनिवार-रविवारी काशीदच्या चढावर एक बाजू रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवा, एवढंच मागणं आहे. पहिल्या सभेत लोक म्हणाले, पर्यटक नाराज होतील. दुसऱ्या सभेला मी त्या कोळीवाड्यातल्या सासूला घेऊन गेले. ती नातवाला कडेवर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो पोरगा फटफटीवर वाचला. दर खेपेला फटफटी कुठनं आनायची?" सरपंचबाईंनी विषय पुढच्या सभेत मंजुरीसाठी ठेवला. ती सभा येत्या मंगळवारी आहे. त्या दिवशीची ओपीडी नवरा सांभाळणार आहे.